चैत्रासाठी गोधडीच्या टाक्यांचं कापडी तोरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली, संक्रांतीचं वाण वाटून झालं, की आमच्या ओसरीवर शिवण शिकायला येणाऱ्या बायकांचे प्रश्न सुरू होतात. ताई, यंदा पाडव्याला काय शिवायचं? जुनी इरकल साडी आहे, कापू का? मशीन नाही, जमेल का? दरवर्षी तेच प्रश्न आणि माझी तीच उत्तरं. म्हणून या वेळी एकदाचं लिहूनच काढलं. यातलं सगळं सोलापूरच्या उन्हात, सोलापूरच्या धुळीत आणि माझ्या पायमशीनवर करून पाहिलेलं आहे.

"गोधडीच्या टाक्यांची सजावट" म्हणजे नेमकं काय?

गोधडीच, पण वीतभर. वर एक कापड, मधे काहीतरी मऊ आणि जाडसर, खाली अस्तर, आणि तिन्ही थरांतून आरपार जाणारा धावदोरा. अंथरायची असेल तर ती सहा फुटांची होते, दाराला लावायची असेल तर सहा इंचांची. आमच्या गल्लीत तिला तीन नावं आहेत : मराठी घरात गोधडी नाहीतर वाकळ, कानडी घरात कौदी, तेलुगू घरात बोंत. टाका तिन्ही घरांत तोच.

वसंतासाठी या पद्धतीनं बरंच काही होतं. आंब्याच्या पानांचं तोरण, कैऱ्या, कडुनिंबाची डहाळी, चिमण्या, पोपट, बहाव्याचे घोस, चैत्रगौरीखाली घालायला चौकोनी आसन. पहिल्यांदाच करणार असाल तर तोरण घ्या. त्यातलं एक पान बिघडलं तर बाकी दहा शाबूत राहतात, आसन बिघडलं तर सगळंच उसवावं लागतं.

कधी सुरुवात करावी?

पाडवा २०२६मध्ये १९ मार्चला आहे. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतो, म्हणून २०२७चा पाडवा पुढे सरकून ७ एप्रिलला जातो. हातानं शिवलं तर मला एका पानाला, शिरा घालण्यासकट, पाऊण तास लागतो. नव्या हाताला सव्वा तास धरा. अकरा पानं, पट्टी, मधली कैरी असं धरलं तर दहा-बारा संध्याकाळी जातात. होळीपर्यंत कापून ठेवलं तर घाई होत नाही.

आणि पाडवा हुकला तर हुकला. चैत्रगौर शुद्ध तृतीयेला झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिनाभर हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं चालूच असतं. दारावर तोरण कुठल्याही दिवशी चढवा. आमच्या शेजारच्या अक्कांचा उगादी पाडव्याच्याच दिवशी असतो, त्यांचं तोरण मात्र दरवर्षी रामनवमीला तयार होतं. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

कापड कोणतं घ्यावं?

सुती, आणि शक्यतो धुऊन मऊ झालेलं. सुती कापडाला इस्त्रीची घडी बसते, सुई सहज जाते, आणि कडा दुमडली की दुमडलेली राहते. छोट्या कामात हे फार महत्त्वाचं. दीड इंचाच्या वळणावर सिंथेटिक कापड पुन्हा पुन्हा उसळी मारतं आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात वाईट.

जुन्या सुती साडीचा पदर आणि निऱ्यांच्या आतला भाग सर्वांत चांगला, तो कमी विरलेला असतो. गुडघ्याजवळचा आणि बसण्याचा भाग उजेडापुढे धरून पाहा. आरपार दिसत असेल तर अस्तरालाही घेऊ नका. हिरवा रंग एकाच छटेचा नको. पोपटी, शेवाळी, गर्द हिरवा अशी तीन-चार कापडं मिसळली की पानं झाडावरची वाटतात. चैत्रात आंब्याची कोवळी पालवी तर तांबूस असते, म्हणून मी अकरात दोन पानं तरी विटकरी नाहीतर तपकिरी करते. पाहणाऱ्याला आधी चूक वाटते, मग पटतं.

खण सुंदर दिसतो, पण कापला की दोरे सुटत राहतात. खण वापरायचा तर कापण्याआधी मागच्या बाजूनं इस्त्रीनं चिकटणारं पातळ बकरम लावा आणि शिलाईला पाव इंचाऐवजी अर्धा इंच कापड सोडा.

युनिफॉर्मच्या कारखान्यातली कातरण फुकट मिळते. ती चालेल का?

हा खास सोलापूरचा प्रश्न. इथे शाळेचे गणवेश शिवणारे इतके कारखाने आहेत की कुणाच्या तरी घरी कातरणाचं पोतं असतंच. पण ते बहुतेक टेरिकॉट असतं. घडी बसत नाही, आणि गरम इस्त्री टेकली की चकाकी येते. मी ते फक्त मागच्या अस्तराला वापरते, तेही पट्टीच्या, पानाच्या नाही. गडद निळ्या पॅन्टच्या कापडाच्या चिमण्या मात्र छान होतात, कारण चिमणीला वळणं कमी असतात.

मधे काय भरायचं? कापूस, फोम की आणखी काही?

टॉवेल. जुना, सुती, सोलापुरी.

दुकानात यासाठी पॉलिफिलची, म्हणजे कृत्रिम कापसाची, पातळ शीट मिळते, पर्सवाले फोम वापरतात. दोन्ही चालतात. पण सोलापुरात राहून मधला थर विकत आणणं म्हणजे मीठ उसनं मागायला समुद्रापासून गावात येण्यासारखं आहे. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि १८७७मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली तेव्हापासून हे गाव सुतावरच जगत आलंय. विरलेले टॉवेल प्रत्येक घरात पायपुसणं होण्याची वाट पाहत असतात.

टॉवेल चांगला का ठरतो ते त्याच्या विणीत आहे. माग चालवणारे सांगतील, टेरीला उभे धागे दोन प्रकारचे असतात : एक ताणा घट्ट, दुसरा ढिला सोडलेला. तो ढिला धागा वर येऊन फासे होतात. हेच फासे वरच्या कापडाला धरून ठेवतात. पॉलिफिलवर कापड घसरतं, म्हणून दर दोन इंचांवर टाचावं लागतं. टॉवेलवर ते बसल्या जागी बसून राहतं. शिवाय टॉवेल जड असल्यामुळे पान खाली सरळ लोंबतं, वाऱ्यानं उलटं होत नाही. आमच्याकडे मार्चमध्ये दुपारी वावटळ उठते तेव्हा हे कळतं.

मात्र एक चूक मी केली आहे, ती तुम्ही करू नका. एका वर्षी घरात जुना टॉवेल सापडेना, म्हणून नवा कोरा आणून तसाच कापला. तोरण झकास झालं. पावसाळ्यापूर्वी धुतलं आणि वाळत घातलं, तर संध्याकाळी सगळी पानं विलायती चिंचेच्या शेंगांसारखी वेटोळी झालेली. वरची साडी पन्नास वेळा धुतलेली, ती आणखी काय आटणार, आणि आतला टॉवेल आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात गेला. तेव्हा नवा टॉवेल असेल तर गरम पाण्यात बुडवून, पिळून, कडक उन्हात वाळवून, असं दोनदा करा आणि मगच कात्री लावा.

चादर मधे घालायचा मोह होईल. आसनाला ती चालते, तोरणाच्या पानाला नाही. सोलापुरी चादर मुळात दुपदरी विणलेली असते, पान उलटवताना टोकाशी गठ्ठा होतो.

जुन्या साडीचा रंग दुसऱ्या कापडाला लागेल का? मिठाच्या पाण्यात भिजवलं तर पक्का होतो ना?

मिठानं रंग पक्का होतो हे आपण आजीपासून ऐकत आलो, पण आजच्या रंगांवर मिठाचा किंवा व्हिनेगरचा भरवसा धरू नका. त्यापेक्षा परीक्षा घ्या. कापडाचा कोपरा ओला करा, त्यावर पांढऱ्या धोतराचा तुकडा ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर डाग उमटला तर ते कापड आणखी दोन-तीन पाण्यांतून काढा आणि पुन्हा परीक्षा घ्या. तिसऱ्यांदाही रंग सोडत असेल तर ते एकट्यानंच वापरायचं कापड आहे, पांढऱ्या-पिवळ्याच्या शेजारी घेऊ नका. लाल आणि काळा हे दोन नेहमीचे संशयित.

धुण्याचं काम पाणी येईल त्या दिवशीच काढा, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

अकरा पानांचं तोरण पायरीपायरीनं सांगाल का?

सांगते. दार तीन फुटी, म्हणजे ३६ इंच रुंद धरलंय. तुमचं दार आधी मोजा.

लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा फर्मा कापा : लांबी सहा इंच, मधे रुंदी अडीच इंच, वर देठाशी एक इंच, खाली टोकदार. कागद उभा दुमडून अर्धं पान काढलं आणि कापलं तर दोन्ही बाजू सारख्या येतात. हा फर्मा शिलाईच्या रेघेचा आहे. कापड त्याच्याबाहेर पाव इंच सोडून कापायचं.

मी पान कापून मग शिवत नाही. आधी शिवते, मग कापते. खाली टॉवेलचा तुकडा, त्यावर अस्तर सुलट बाजू वर करून, त्यावर वरचं कापड सुलट बाजू खाली करून. म्हणजे दोन्ही सुलट बाजू एकमेकींना भिडल्या. वरच्या कापडावर फर्मा ठेवून खडूनं रेघ मारा आणि रेघेवरूनच शिवत जा : देठाच्या एका कडेपासून खाली टोकापर्यंत, तिथून वर दुसऱ्या कडेपर्यंत. देठाचं एक इंची तोंड उघडं ठेवा. आता कापा. कापडाला पाव इंच सोडा, पण टॉवेल शिलाईच्या अगदी लगत कातरून टाका. ही एक गोष्ट केली नाही तर पानाची कड नळीसारखी फुगते. बाहेर फुगलेल्या वळणांवर छोटे त्रिकोणी खाच द्या, शिलाईपासून एक दोरा अलीकडे थांबा.

पान उलटवा. टॉवेल आपोआप दोन कापडांच्या मधे जातो. पहिल्यांदा हे पाहून प्रत्येक बाई एकदा "अय्यो" म्हणते, मराठी असो की तेलुगू. इस्त्री करा. मग मधली शीर धावदोऱ्यानं घाला, देठापासून टोकाच्या अर्धा इंच अलीकडेपर्यंत. तिच्यापासून तिरक्या चार-चार शिरा दोन्ही बाजूंना. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे तीन पदर घ्या. पोपटी पानावर गर्द हिरवा, गर्द पानावर पिवळा.

पट्टीसाठी साडीचा काठ उत्तम. काठ नसेल तर साडेअडतीस इंच लांब, साडेचार इंच रुंद कापड घ्या. तयार झाल्यावर ती ३८ बाय २ इंच होते. पट्टी सुलट बाजू वर करून समोर पसरा. पानं तिच्यावर उलट्या दिशेनं ठेवा : टोकं पट्टीवरून पलीकडे, देठाच्या उघड्या कडा पट्टीच्या खालच्या कडेशी जुळलेल्या, आणि पानाची पुढची बाजू पट्टीला भिडलेली. सहावं पान बरोबर मधोमध लावा. मग पहिलं आणि अकरावं, त्यांची बाहेरची कड तयार पट्टीच्या टोकापासून एक इंच आत येईल अशी. उरलेली मधल्या जागेत सारखी वाटा. एका देठाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सव्वातीन इंचांहून किंचित जास्त येतं. डोळ्यांनी अंदाज घेतला तर शेवटच्या दोन पानांना जागा उरत नाही, हा माझा अनुभव दर वर्षी कुणी ना कुणी खरा करून दाखवतं.

टाचण्या लावून पाव इंचावर एक सरळ शिलाई मारा. पानं खाली पाडा आणि पाहा. एखादं पान पाठमोरं आलं असेल तर आत्ताच उसवा. सगळी नीट असतील तर पट्टीच्या मागे दोन इंची टॉवेलची पट्टी ठेवा, दोन्ही टोकं आणि वरची कड पाव इंच आत दुमडा, पट्टी मागे वळवून शिलाई झाका आणि हातानं तुरपाई करा. शेवटी पट्टीवर आडव्या दोन ओळी धावदोऱ्याच्या. दोन टोकांना आणि मधे एक अशा तीन कापडी कड्या लावायला विसरू नका. मधली कडी नसली की तोरण पोटात झोळ खातं.

पानाचं टोक बोथट येतं. काय करू?

टोकाशी शिलाई सरळ खाली नेऊन लगेच वर वळवू नका. टोकावर एक आडवा टाका घ्या, मग वळा. ऐकायला उलटं वाटतं, पण तिथे कापडाला उलटायला तेवढी जागा लागते. टोकापाशी कापड आडवं छाटा, दोन्ही बाजूंनी तिरकंही छाटा.

आणि टोक बाहेर काढायला कात्री आत घालू नका. मी घातली होती, ती थेट बाहेर आली, पानासकट. स्वेटर विणायची जाड सुई बोथट असते, ती घ्या. तरीही जरासं आत राहिलेलं टोक बाहेरून साध्या सुईनं हलकेच उचलता येतं.

मशीन नसेल तर?

काहीच अडत नाही. बाहेरची शिलाई हातानं उलट्या टाक्यानं, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे घालून, करा, पान उलटवताना नुसता धावदोरा सुटतो. बाकी सगळं असंही हाताचंच काम आहे.

मशीन आहे, पण टॉवेलवर टाके सुटतात आणि कापड पुढे सरकतं.

दोन वेगळ्या तक्रारी आहेत. टाके सुटतात कारण सुई बारीक आहे किंवा बोथट झाली आहे. तीन थरांना १६ नंबरची नवी सुई लावा, टाका लांब करा आणि दांड्यावरचा दाब थोडा सैल करा. टॉवेल खाली आला की त्याचे फासे दात्यांत अडकतात, म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवा. शिवून झाल्यावर कागद फाडला की निघतो.

कापड सरकतं कारण मशीनचे दाते खालचा थर ओढतात आणि वरून पाय दाबून ठेवल्यामुळे वरचा थर मागे राहून पुढे ढकलला जातो. म्हणून मशीनवर आसनासारखं मोठं काम करताना नेहमी मध्यापासून कडेकडे जा, म्हणजे जादा कापड बाहेर निघून जातं. आपल्या आज्यांची गोधडी उलटी चालायची, कडेपासून आत, चौकोनात चौकोन. त्यांना ते साधायचं कारण थर आधी जमिनीवर ताणून, लांब टाक्यांनी टाचून घेतलेले असायचे आणि हात दर टाक्याला कापड सपाट करत जायचा. मशीनला तेवढी माया नसते.

धावदोरा वाकडातिकडा येतो. सरळ कसा आणायचा?

सरळ येण्यापेक्षा सारखा आला पाहिजे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली जागाही तेवढीच. सुई एका वेळी तीन-चार टाके भरून घ्या आणि मग ओढा. एकेक टाका ओढला की ओळ हमखास वळते. दोरा हातभरच घ्या, फार लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. "मला सवय नाही" असं म्हणणाऱ्या दुसऱ्या दिवशी बोटाला चिकटपट्टी लावून येतात.

गाठ मागे दिसू द्यायची नसेल तर गाठ मारून सुई इंचभर लांबून आत घाला आणि हलका झटका द्या. गाठ अस्तराच्या आत शिरते आणि टॉवेलच्या फाशांत अडकून बसते.

कैरी कशी करायची? वळणाशी चुण्या पडतात.

कैरी म्हणजे आपल्या काठावरची कोयरी, तीच आकृती मोठी करा. तिला एक पोट आहे आणि मानेशी आत गेलेलं एक वळण आहे. पोटाला त्रिकोणी खाच द्यायचे, मानेला नुसते सरळ चिरे, जवळजवळ तीन-चार. मानेचे चिरे दिले नाहीत तर कापड ताणलं जातं आणि चुण्या पडतात. हे एवढंच रहस्य आहे. बाजूला दोन इंच तोंड ठेवून उलटवा, तोंड तुरपाईनं बंद करा, आणि आत कोयरीतच कोयरी अशा धावदोऱ्याच्या ओळी घाला. तीन ओळी झाल्या की ती फुगीर आणि भरदार दिसते. तोरणाच्या मधल्या पानाआड एकच कैरी लोंबती ठेवा. मी एकदा पाच लावल्या होत्या, भाजीवालीचं दुकान वाटलं.

बहावा?

बहाव्याला टॉवेल लागत नाही. पिवळ्या कापडाचे चार इंची गोल कापा, कड पाव इंच दुमडत कडेनं धावदोरा घाला आणि ओढा. पावणेदोन इंची चपटं, चुणीदार फूल होतं. वरची फुलं चार इंची गोलांची, खालची लहान होत जाणारी, शेवटी दोन-तीन घट्ट कळ्या. पंधरा-वीस फुलं एका दोरीवर गाठी मारत ओवली की घोस तयार. खरा बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो, तोपर्यंत हा राहतो. सगळा पिवळा एकाच छटेचा असला तरी चालतो, बहावाही तसाच असतो.

चिमणी आणि पोपट?

दोन थेंब जोडल्यासारखा आकार, पानाच्याच पद्धतीनं. पंख वेगळा शिवून वरून तीन टाक्यांनी अडकवा, सगळा चिकटवू नका. चोच लाल कापडाचा त्रिकोण दुमडून शिवणीत धरा. डोळा दोऱ्याचा, मणी नको. घरात लहान मूल असेल तर मणी हमखास तोंडात जातो.

जुन्या साडीचं तोरण देवघराच्या दाराला चालतं का?

हे ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीवर आहे. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, देवघराला नवं कोरंच लागतं म्हणायच्या आणि मुख्य दाराला त्यांचीच जुनी इरकल लावून द्यायच्या. मी तेच चालवलंय. देवघराला खणाचं, बाहेर साडीचं.

पाडव्याच्या दिवशी खऱ्या आंब्याचं तोरण काढून त्याजागी कापडी लावू नका, एवढं मात्र म्हणेन. खरं वर लावा, कापडी त्याखाली. खरी पानं आमच्या उन्हात दुसऱ्या दिवशी कुरकुरीत होतात. ती काढली की कापडी तोरण वर सरकवा.

खिळा न मारता कसं लटकवायचं?

चुना किंवा डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर चिकटणारे हुक टिकत नाहीत, पापुद्र्यासकट खाली येतात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही सैल होते. दाराची चौकट लाकडी असेल तर वरच्या कडेवर तीन बारीक चुका मारा, समोरून दिसत नाहीत. भाड्याचं घर असेल तर चौकटीत घट्ट बसणारा पडद्याचा स्प्रिंगचा दांडा घ्या आणि कड्या त्यात ओवा.

ऊन लागून रंग उडतो का?

उडतो. माझ्या पश्चिमेच्या दारावरचा राणी रंग दोन उन्हाळ्यांत मळकट गुलाबी झाला, शेजारचा हिरवा मात्र टिकला. दोन बाजूंचं तोरण शिवा, मागचं अस्तरही चांगल्या हिरव्याचं घ्या आणि शिरा आरपार घाला. निम्म्या उन्हाळ्यानंतर उलटं करून लावता येतं.

धूळ मात्र रोज बसते. आठवड्यातून एकदा बाहेर नेऊन झटका, धुणं वर्षातून एकदाच. गार पाण्यात थोडा साबण, घासायचं नाही, पिळायचं नाही. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. उभं वाळत घातलं की पाणी टोकांत उतरतं आणि तिथे पिवळे डाग राहतात.

विकून पैसे मिळतात का?

हिशोब मांडा. अकरा पानं, पाऊण तासानं, सव्वाआठ तास. पट्टी आणि जोडणी धरून अकरा-बारा तास. प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर मशीननं पाडलेलं सॅटिनचं चकचकीत तोरण असतं, ते घेणारी बाई तुमच्या तोरणाची किंमत ऐकून "एवढे?" म्हणते. मी दोन वर्षं बचत गटाच्या टेबलावर बसले. तोरणं परत आणली, एकेकटी पानं आणि कैऱ्या विकल्या गेल्या. गाडीच्या आरशाला, किल्लीला, भेटवस्तूवर बांधायला लोक घेतात. विकायचंच असेल तर लहान करा. आणि आपले तास हिशोबात धरा, नुसतं कापड आणि दोरा धरून दर सांगू नका.

मुलांना बरोबर घेता येईल?

सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं शिरा छान घालतात. त्यांचा वाकडा टाका शिरेला शोभतो. कापणं आणि इस्त्री तुमच्याकडे.

सामान सोलापुरात कुठे मिळेल?

कापडाला चाटी गल्ली आणि नवी पेठ. पण आधी घरचं कपाट आणि मग आईचं कपाट.

वर्षभर ठेवायचं कसं? आणि कातरलेल्या टॉवेलचं काय करायचं?

तोरणाची घडी घालू नका, घडीवर पानाची शीर मोडते. पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा, मधे जुनं धोतर, वरून सुती पिशवी. प्लॅस्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत दमटपणा धरून वास येतो. पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, आणि दसऱ्याला एकदा काढून वारा द्या.

टॉवेलचे बारीक तुकडे एका डब्यात साठवत जा. डबा भरला की चार इंची कापडी चौकोनात ठासून भरा आणि तोंड शिवा. टाचण्या टोचायला उशी होते. माझी पाच वर्षांची आहे, आत अजून गुठळी झालेली नाही. तिच्यात कालपासून एक सुई गायब आहे, ती सापडली की पुढचं पान घ्यायचंय.